जुन्या पद्मिनीचा विटलेला मूळ रंग: आधी तेल, मग घासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरजवळच्या उचगावात पत्र्याच्या अर्ध्या शेडखाली उभी असलेली १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. गडद निळा रंग, कंपनीचाच. छत, बॉनेट आणि डिकी पांढुरकी पडली आहे, दारं मात्र बरी आहेत. पेंटरचं म्हणणं, सगळं खरवडून नव्यानं रंग मारू. मूळ रंग वाचेल का, आणि वाचणार असेल तर नेमकं काय करायचं?

वर्णनावरून तरी वाचायला हरकत नाही असं दिसतं. पेंटरला होकार देण्याआधी एक सकाळ तपासणीला द्या. नवा रंग पुढच्या वर्षीही मारता येईल, कंपनीत चढलेला रंग मात्र खरवडला की संपला.

आधी रंगाला झालंय काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम आपोआप पटेल. त्या काळातल्या साध्या रंगांवर आजच्यासारखा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसतो. रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारी राळ एकाच थरात असते. उन्हातले अतिनील किरण वरच्या काही मायक्रॉनमधली (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) राळ फोडतात. रंगद्रव्याचे कण उघडे पडतात, त्यांच्यामध्ये हवा शिरते, पृष्ठभाग खडूसारखा खरखरीत होतो आणि त्यावर पडलेला उजेड चारी दिशांना विखुरतो. आपल्याला तो पांढुरका दिसतो. छत, बॉनेट आणि डिकी ही आडवी अंगं दिवसभर ऊन खातात, बॉनेटला शिवाय इंजिनाची धग लागते, म्हणून तीच आधी जातात. दारं उभी असतात, त्यामुळे वाचतात. खालचा रंग बहुतेक वेळा शाबूत असतो. मेली आहे ती वरची साय.

आता तपासणी. पहिली चाचणी पाण्याची. बॉनेटवर ओंजळभर पाणी टाका आणि ओलं असतानाच बघा. ओला भाग दारासारखा गडद निळा दिसला तर रंगद्रव्य जिवंत आहे, फक्त वरचा थर सच्छिद्र झालाय. हा रंग परत येतो. ओलं असतानाही फिकटच दिसला तर रंगद्रव्यच विटलंय, आणि ते कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही. निळ्यात असं कमी होतं. लाल गाड्या गुलाबी पडतात त्यांच्याबाबत मात्र हे हमखास बघावं.

दुसरी चाचणी फडक्याची. डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला पांढऱ्या सुती फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन दहा-बारा वेळा घासा. फडकं निळं झालं तर रंग एकथरी, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला लागू. पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे, म्हणजे तो भाग कधीतरी नव्यानं रंगवलाय.

तिसरी चाचणी थिनरची. ही दिसणार नाही अशाच जागी करायची, कारण डाग राहतो. नंबर प्लेटच्या मागे किंवा डिकीच्या रबर बीडिंगखाली कानातल्या कापसाच्या काडीला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून दहा सेकंद टेकवा. रंग लगेच विरघळून काडीवर आला तर तो नायट्रोसेल्युलोज, ज्याला सगळे डुको म्हणतात. हळूहळू मऊ पडला किंवा सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनर घातलेला अलीकडचा रंग. या उत्तराचा उपयोग पुढे टचिंग करताना होणार आहे, म्हणून लिहून ठेवा.

चौथी चाचणी जाडीची. रंगाची जाडी मोजणारं मीटर चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे असतं, तासाभरासाठी मागून घ्या. आधी दार उघडून खांबाच्या आतल्या बाजूला मोजा. तिथं कोणी घासलेलं नसतं, त्यामुळे कंपनीच्या जाडीचा साधारण अंदाज येतो. मग प्रत्येक पॅनलवर आठ-दहा ठिकाणी. १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास आकडे आले तर निश्चिंत कामाला लागा. ८० च्या खाली आले तर त्या पॅनलला मशिन लावायचं नाही, फक्त हात. ३०० च्या वर गेला तर आत पुट्टी आहे किंवा रंगावर रंग आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. तुमच्या हातात खेळायला किती कमी जागा आहे ते यावरून कळेल.

शेवटी भिंगानं बघा. बारीक भेगांचं जाळं, वाळलेल्या तळ्यातल्या चिखलासारखं, दिसलं तर ती भेग थराच्या आतपर्यंत गेलेली असते. घासून ती जात नाही, उलट पॉलिश आत अडकून पांढऱ्या रेघा उठतात. पत्र्याखालून आलेले गंजाचे फोडही पॉलिशचं काम नव्हे. या दोन्ही गोष्टी नसतील तर पुढे चला.

आता धुणं. थंड पाणी, दोन बादल्या, पीएच न्यूट्रल कार शाम्पू. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर नको. उघड्या पडलेल्या रंगद्रव्यात उरलंसुरलं तेल असतं तेही निघून जातं. बोअरचं पाणी जड असेल तर अंगावर वाळू देऊ नका, लगेच टिपून घ्या. आधीचे क्षाराचे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घेऊन फडक्यानं मिनिटभर टेकवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. जास्त वेळ ठेवलं तर मेलेल्या रंगात आम्ल मुरतं.

उचगावचं एक वेगळं दुखणं आहे. एका बाजूला शिरोली, दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगाव, दोन्हीकडे फाउंड्री. लोखंडाची बारीक धूळ रंगात रुतून बसते आणि पावसाळ्यात तिथं नारिंगी ठिपका उठतो. स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवा, कण टोचतात ते कळतील. त्यासाठी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण. सावलीत, थंड पत्र्यावर, आधी एका कोपऱ्यात करून बघा. दोन मिनिटांत जांभळे ओघळ आले की धुऊन टाका, वाळू देऊ नका. उरलेलं क्ले बारनं, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मातीसारख्या वडीनं. मऊ क्ले घ्या, पाण्यात थोडा शाम्पू घालून भरपूर ओलं ठेवा आणि फक्त हाताच्या वजनानं सरकवा. क्ले निळी होईल, घाबरू नका, ती मेलेली साय आहे. क्ले जमिनीवर पडली तर तो तुकडा फेकून द्या. त्यात बसलेला एक खडा अख्ख्या छतावर रेघा ओढतो.

इथून बहुतेक जण थेट कंपाउंड (जाड कणांचं पॉलिश) आणि बफिंगकडे वळतात आणि नेमकं तिथंच मूळ रंगाचं नुकसान होतं. कोरड्या, सच्छिद्र थरावर कंपाउंड फिरवलं की तो थर एकसारखा कापला जात नाही, ढिगानं सुटतो. पॅड गुठळ्यांनी भरतो, घर्षण वाढतं, रंग तापून मऊ पडतो आणि चांगला रंगही सोबत निघतो. म्हणून आधी तेल.

यासाठी ज्यात घासणारे कण नाहीत आणि सिलिकॉन नाही असं तेलकट ग्लेझ लागतं. मेग्वायर्सचं नंबर ७ शो कार ग्लेझ यासाठी जगभरातले जुन्या गाड्यांचे लोक वापरतात. तेच हवं असं नाही, पण या दोन अटी पाळा. सिलिकॉन का नको? उद्या एखाद्या भागावर रंग मारावा लागला तर सिलिकॉन लागलेल्या जागी रंग गोल खड्डे सोडून पळतो. डॅशबोर्डचा चकचकीत स्प्रे याच कारणासाठी बॉडीपासून लांब ठेवा.

टर्किश टॉवेलचे वीतभर तुकडे करा, दहा-बारा तरी. इथं मायक्रोफायबर नको. टॉवेलचे फासे मेलेला थर मोकळा करतात आणि तेल आत ढकलतात. बॉडीचा दोन फूट बाय दोन फुटाचा भाग घ्या, त्यावर चमचाभर ग्लेझ ओता आणि जोर लावून घासा, आधी आडवं, मग उभं. पहिल्या पाच मिनिटांत टॉवेल गडद निळा होईल आणि ग्लेझ नुसतं गायब होईल, कोरड्या मातीनं पाणी प्यावं तसं. परत घाला. बॉनेट आणि छत झाल्यावर वर एक जाड, ओला थर तसाच सोडा आणि रात्रभर ठेवा, १२ तास तरी, २४ झाले तर उत्तम. गाडी बंद जागी हवी, नाहीतर सगळी धूळ त्यावर बसेल.

सकाळी छतावर नकाशा उमटलेला दिसेल. काही भाग अजून तेलकट, काही कोरडे ठक्क. जिथं कोरडं आहे तिथं तहान शिल्लक आहे. वाळलेलं ग्लेझ नुसत्या फडक्यानं निघत नाही, चिकटून बसतं. त्यावर थोडं ताजं ग्लेझ घालून मऊ करा आणि मग स्वच्छ टॉवेलनं पुसा. मग पुन्हा एक हात. तीन रात्री लागतील असं धरून चला. पूर्ण गाडीला एका हाताला सुमारे १०० ते १५० मिली लागतं, पांढुरक्या भागाला पहिल्या वेळी त्याहून जास्त.

तेल काय करतं याबद्दल एक गैरसमज दूर करतो. ते फुटलेली राळ परत जोडत नाही. ते कणांमधल्या हवेची जागा घेतं, म्हणून रंग गडद दिसतो. पाण्याच्या चाचणीत जे दिसलं तेच, फक्त पाणी उडून जातं आणि तेल टिकतं. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे थर वंगणलेला राहतो, त्यामुळे पुढची घासणी हळुवार होते. म्हणून या टप्प्यावर बॉनेट सुंदर दिसायला लागली तरी थांबू नका. नुसत्या तेलावर आलेली चमक काही आठवड्यांत मावळते.

डिझेल, रॉकेल, जवस तेल, टूथपेस्ट यांचं काय, हे विचारलं जातंच. रॉकेल आणि डिझेलनं पुसल्यावर गाडी एक दिवस झळकते. मग त्यावर धूळ चिकटते, काचेभोवतीचं रबर फुगतं आणि रॉकेल रंगातलं चांगलं तेलही विरघळवून नेतं. जवस तेल वाळून पिवळट, चिकट पापुद्रा होतो, तो नंतर कापूनच काढावा लागतो. टूथपेस्ट म्हणजे सरळ घासणी, आणि तीही किती जाड कणांची ते आपल्याला माहीत नसताना. यातलं काही लावू नका.

घासणीला बसण्याआधी मास्किंग टेप लावा. क्रोम पट्ट्या, बॅज, वायपरचे दांडे, रबर बीडिंग, आणि मुख्य म्हणजे कडा. पद्मिनीच्या मागच्या मडगार्डची वर उचललेली टोकं, बॉनेटवरची घडी, दारांच्या कडा, छताच्या बाजूची पावसाची पन्हळ, या सगळीकडे रंग ताणलेला आणि पातळ असतो. मशिनचा पॅड क्षणभर टेकला तरी खालचा प्रायमर दिसतो. या जागा टेपखाली ठेवा आणि शेवटी बोटावर फडकं गुंडाळून हातानं करा.

मशिन ड्युअल अ‍ॅक्शनच हवं, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलवणारं, पाच इंची पॅडचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बफिंग करणारे हातात रोटरी (पॅड नुसता गरगर फिरवणारं मशिन) आणि लोकरीचा पॅड घेऊन काम करतात. अनुभवी हात असेल तर १००० ते १२०० फेऱ्यांवर तेही चालतं, पण जुन्या इनॅमलवर पहिल्यांदाच करणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. अँगल ग्राइंडरला पॅड लावून तर कधीच नाही. तो मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, रंग कापत नाही, जाळतो.

सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीनं: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. डिकीवर दीड फूट बाय दीड फूट जागा घ्या. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. स्पीड ४, पॅड सपाट, निम्मा पट्टा निम्म्यावर चढेल असे चार ते सहा हात, सेकंदाला साधारण एक इंच. पुसा आणि तिरक्या उजेडात बघा. समाधान झालं तर सगळी गाडी याच जोडीनं करा. नाही झालं तर मध्यम पॉलिश आणि मध्यम फोम. कंपाउंडपर्यंत जायची वेळ या रंगात क्वचित येते. सौम्य पॉलिशच्या एका फेरीत एखादा मायक्रॉन जातो, कंपाउंड आणि लोकर मिळून त्याच्या कित्येक पट.

पॅड निळा होणारच. पण दर तुकड्यानंतर नायलॉनच्या ब्रशनं तो झाडा आणि तीन-चार तुकड्यांनंतर बदला. सहा पॅड हाताशी हवेत. भरलेला पॅड कापायचा थांबतो आणि मेलेला रंग परत रंगावर लिंपतो. त्यातून धुरकट डाग उठतात आणि लोकांना वाटतं रंगच खराब आहे. हाताचा तळवा पत्र्यावर टेकून ठेवता येत नसेल तर पत्रा फार तापलाय, पंधरा मिनिटं सोडून द्या. डिटेलिंगवाले पॉलिशनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तपासतात. नव्या क्लिअर कोटवर ते योग्य आहे. इथं करू नका, तीन रात्री मुरवलेलं तेल त्यानं वरच्यावर निघून जाईल.

कुठं थांबायचं? एखादी खोल रेघ राहिली तर राहू द्या. चाळीस वर्षांच्या गाडीला काचेसारखा आरसा करण्याच्या नादात लोक शेवटचे १० मायक्रॉन घालवतात. चार फुटांवरून रंग एकसारखा आणि खोल दिसला की काम झालं. एखाद्या जागी निळा अचानक फिका पडायला लागला किंवा राखाडी, तांबूस छटा डोकावली तर तो प्रायमर आहे, त्या क्षणी मशिन बंद.

कोणाची गाडी एकथरी मेटॅलिक असेल तर हे सगळं तसंच्या तसं लागू करू नका. तिथं अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे त्याच थरात असतात. घासलं की ते उघडे पडून करडे होतात, आणि फडक्यावर रंगाऐवजी काळपट येतं. तेलापर्यंत थांबा, फार तर हातानं एक हलका हात.

पॉलिश झाल्यावर ग्लेझचा आणखी एक हात, पण या वेळी तासाभरानं पुसायचा. त्यावर कार्नुबा वॅक्स, पातळ, दोन थर, मध्ये एक दिवसाचं अंतर. आपल्या उन्हात कार्नुबा सहा ते आठ आठवडे पुरतं, मग पुन्हा लावा. सिरॅमिक कोटिंग कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. ते नीट चिकटावं म्हणून आधी सगळं तेल काढावं लागतं, आणि नंतर त्याखाली तेल जात नाही.

टचिंग आणि गंज. दगड उडून पत्रा उघडा पडलेला असेल तर पॉलिशच्या आधी त्या ठिपक्यापुरता गंज खरवडा, फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, धुऊन वाळवा, वर प्रायमर. रंगाची शेड मात्र पॉलिश झाल्यावरच जुळवा. पांढुरक्या बॉनेटवरून जुळवून घेतलेला निळा नंतर ठिगळासारखा उठून दिसतो. नमुना म्हणून डिकीच्या आतली कड दाखवा. आणि थिनरच्या चाचणीत इनॅमल निघालं असेल तर त्यावर एनसी लॅकर मारू देऊ नका, त्याचा थिनर खालचं इनॅमल सुरकुतवून उचलतो. लॅकरवर इनॅमल चालतं, उलटं नाही. एखादं पॅनल भेगाळलेलं किंवा गंजलेलंच असेल तर तेवढं पॅनल रंगवा. त्यासाठी उरलेली गाडी खरवडायचं कारण नाही.

मूळ रंग जपण्याला कागदावरही वजन आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिव्हाच्या, ट्युरिन चार्टरचा भर जे आहे ते टिकवण्यावर आणि कमीत कमी हस्तक्षेपावर आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. तुमच्या गाडीची पहिली नोंदणी १९८४ चीच असेल तर ती वेळ २०३४ मध्ये येईल.

राहिला हंगामाचा प्रश्न. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका, हवेतल्या ओलाव्यात ग्लेझ वाळत नाही आणि वॅक्स ढगाळ होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, पण तेव्हाच गळीत हंगाम चालू असतो, पाचटाची काळी राख उडत असते. ती अल्कधर्मी असते. रात्री दव पडलं की रंगावर डाग पाडते, आणि सकाळी कोरड्या फडक्यानं झटकली तर कुरतडते. आधी पाण्याच्या हलक्या धारेनं वाहून जाऊ द्या, मगच हात लावा. कव्हर सुती, हवा खेळणारं घ्या. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली पावसाळ्यात वाफ कोंडते आणि जुन्या रंगाला फोड येतात. आणि शेडचा पत्रा दोन-तीन फूट पुढे वाढवता आला तर बघा. दुपारनंतरचं ऊन बॉनेटवर यायचं थांबलं की वॅक्सचं आयुष्य वाढेल.